कढीपत्त्याखालची संस्कृती

आधी चहा संपवा. नाही, खरंच सांगतो! परवा हाच किस्सा मी आमच्या उस्तादांच्या मेव्हण्याला सांगत होतो, आणि त्यांनी नेमक्या नको त्या जागी घोट घेतला. समोर एका गिऱ्हाईकाच्या आजोबांचा फोटो होता. काच पुसली, पण आजोबांच्या मिशीवर चहाचा थेंब राहिला तो राहिलाच.

संपवलात? मग ऐका. माणसानं माती खावी, पण किती खोल खणून खावी, याची ही गोष्ट आहे.

मी तसा बोलणारा माणूस नाही. चार लोकांत बसलो की माझा आवाज कुठे जातो कुणास ठाऊक. शाळाही दहावीतच सुटली. गणित आणि मी, दोघांनी एकमेकांना सोडलं म्हणा. तेव्हापासून मी जवाहर चौकात उस्तादांच्या फ्रेमच्या दुकानात आहे. काच कापायची, पट्टी जोडायची, देवांना, नवरानवरींना आणि गेलेल्या माणसांना चौकटीत बसवायचं. हे काम मला आवडतं, कारण चौकटीतली माणसं उलट प्रश्न विचारत नाहीत.

तर झालं असं, की एकदा एका संग्रहालयाचं मोठं काम आमच्याकडे आलं. गुहांमधल्या चित्रांचे फोटो, दगडी हत्यारं, मडक्यांचे तुकडे, आणि प्रत्येकाखाली माहितीचा कागद. सगळं फ्रेम करायचं होतं. मी काच लावता लावता ते कागद वाचायला लागलो. आणि वाचतच गेलो!

अहो, आपल्या भोपाळच्या आसपासच्या टेकड्यांत माणसं राहत होती. कधी? तर मोजायला बसलात तर माझं दहावीचं गणितच काय, तुमचं कॉलेजचं गणितही दमेल. आणि ती माणसं हरणं काढत होती, नाच काढत होती, हाताचे ठसे उमटवत होती. एवढासा हात! मी माझा पंजा त्या फोटोवर ठेवून पाहिला. अंगावर काटा आला.

"को खां," उस्ताद ओरडले, "फ्रेम बना रिया है के शादी कर रिया है उससे?"

त्या दिवसापासून मी बिघडलो. दर रविवारी त्या संग्रहालयात फुकट व्याख्यान असायचं. मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे बसायचो. बोलणाऱ्या मॅडम उत्खननं केलेल्या, केस पांढरे, आवाज असा की खांबामागेही ऐकू यावा. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "प्राचीन किसे कहते हैं? कोई बताएगा?"

कुणी म्हणालं हजार वर्षं, कुणी म्हणालं राजामहाराजांचा काळ. मॅडम प्रत्येकाला एकच उत्तर देत. "और सोचिए."

मला उत्तर येत नव्हतं, पण हात वर करावासा वाटत होता. तुम्हाला कधी झालंय असं? हात अर्धा वर गेला आणि मी त्यानं डोकं खाजवलं.

असे किती रविवार मी डोकं खाजवलं असेल! शेवटी शेजारच्या बाईंनी मला एका तेलाचं नाव सुचवलं.

आणि मग एका रविवारी मॅडम म्हणाल्या, की थंडीत त्यांची तुकडी रायसेनकडच्या टेकड्यांत जाणार, चित्रांच्या गुहा शोधायला. विद्यार्थी आहेतच, पण बाहेरचा एक माणूस बरोबर घ्यायचाय. डिग्री नको. "मुझे डिग्री नहीं, नज़र चाहिए." त्यासाठी एक काम दिलं. प्रत्येकानं आपल्या घराच्या आसपासची एखादी जुनी वस्तू पाहायची, आणि सांगायचं, ही जुनी आहे हे कशावरून?

डिग्री नको! अहो, ही ओळ मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की मला वाटलं पुढच्या रांगेतले वळून बघतील. मला जायचं होतं. त्या टेकड्यांत, त्या हातांच्या ठशांसमोर, प्रत्यक्ष! एवढं मला कधीच काही हवं नव्हतं.

पण आनंद नगरमध्ये जुनं काय असणार?

आमचं घर बाबांनी कारखान्यात फिटर असताना बांधलं. माझ्या जन्माच्या थोडं आधी. घरात सगळ्यात जुनी वस्तू म्हणजे बाबांची स्कूटर, आणि तिच्याबद्दल 'ही जुनी कशावरून' असं विचारायची गरजच नाही, ती स्वतःच सांगते, गल्लीच्या टोकापासून.

मी सोमवारी भिंती पाहिल्या. मंगळवारी रस्त्यावरचे दगड उलटे करून पाहिले. एका कुत्र्याचा गैरसमज झाला, आणि मला पळावं लागलं.

आणि बुधवारी, अहो बुधवारी, जमिनीनंच मला हाक मारली!

आई-बाबा नागपूरला गेले होते, चुलत बहिणीच्या लग्नाला. मी घरी एकटा. न्हाणीघराचं पाणी तुंबलं. बाबांना फोन केला. मागे बँड वाजत होता.

"मागच्या बाजूला खण! कढीपत्त्याच्या शेजारून पाईप गेलाय!"

"किती खोल?"

"काय?"

"किती खोल बाबा?"

"पोळ्या? पोळ्या नाहीत, पुरी आहे!"

मी खणायला लागलो. पाईप सापडेना. कढीपत्त्याच्या मुळाशी आलो, आणि खण्ण! कुदळ दगडावर. बरं, दगड लागला तर लागला, पण हा दगड चपटा होता. आणि त्याच्यावर, माती बाजूला केली तर, असंख्य बारीक खड्डे! टिंबं टिंबं टिंबं. मुद्दाम कुणीतरी ठोकून ठोकून केलेली. आणि त्या चपट्या दगडावर, कुजलेल्या कापडाच्या धाग्यांत गुंडाळलेला, एक गुळगुळीत, लांबट, काळा दगड.

मी तो उचलला. अंगठ्यानं माती पुसली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

खोटं नाही सांगत! दोन डोळे! गोल, खोल, एकसारखे. खाली छोटंसं नाक. नाकाखाली गळ्यापाशी सगळीकडून फिरवलेली खाच, हार घातल्यासारखी. आणि कपाळावर लाल रंगाचा अंश.

लाल रंग! तुम्हाला ठाऊक नसेल, पण मॅडमनी सांगितलं होतं, की फार जुन्या काळी माणसं मेलेल्यांना पुरताना त्यांच्यावर गेरू टाकत. लाल गेरू! इथे लाल आहे. इथे पुरलंय. खाली वेदी आहे. गुंडाळलंय. शेजारी, मी परत वाकून पाहिलं तर, एक काळी पडलेली सुपारी!

मी तिथेच मातीत बसलो. भोपाळमध्ये, आनंद नगरात, आमच्या न्हाणीघराच्या मागे, एक अख्खी संस्कृती झोपली होती, आणि तिच्यावर आम्ही वर्षानुवर्षं आंघोळीचं पाणी सोडत होतो!

आता तुम्ही मनात म्हणत असाल, की मूर्खा, तुला ओळखू आलं नाही का काय ते? थांबा. तुम्ही मजेत चहा पिऊन बसला आहात. मी तेव्हा खड्ड्यात होतो.

मी मूर्ती धुतली. हो, भांड्याच्या साबणानं, घासून. चांगली चमकली. मग मोबाईलवर तारे दाखवणारं ॲप उतरवलं आणि त्या चपट्या दगडावरची टिंबं जुळवायला लागलो. आणि जुळले हो! सप्तर्षी जुळले! दगड थोडा फिरवला तर मृग पण जुळला. आणखी फिरवला तर आमच्या गल्लीचा नकाशाही जुळला असता, पण तेवढं सुचलं नाही.

मग आईला फोन केला. सांगितलं काहीच नाही, कारण मला तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. शिवाय एक शास्त्रीय चौकशीही करायची होती.

"आई, आपलं घर बांधण्याआधी इथे काय होतं गं?"

"काय असणार? माळ होता. जेवलास का?"

"आणि माळाच्या आधी?"

"माळाच्या आधी काय असतं रे? माळच! फ्रीजमध्ये वरण आहे, ते आधी संपव."

"म्हणजे आधी कुणी राहत होतं का, हे आपल्याला माहीत नाही?"

"नाही बाई, कुणी नाही. अरे ठेव आता, इथे विहीण रुसून बसलीये."

झालं! घरच्यांना काही माहीत नाही. मी मूर्तीशेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवलं, आकार कळावा म्हणून, हे मॅडमनीच शिकवलं होतं, आणि फोटो मॅडमना, त्यांनी व्याख्यानात दिलेल्या नंबरवर, पाठवला. खाली लिहिलं, 'आनंद नगर में मिला. मुकुंद.'

मॅडमचा फोनच आला! प्रत्यक्ष मॅडमचा! मी उभा राहिलो.

"मुकुंद जी? आप कौन से मुकुंद जी हैं?"

"जी, वो... खंबे के पीछे वाला."

"अच्छा, सिर खुजाने वाले! यह है क्या चीज़? ऊपर से तो लोढ़े जैसा लग रहा है. पर लोढ़े पर आँखें कौन बनाता है? घर में पूछा किसी से?"

"जी पूछा. घर में किसी को कुछ नहीं मालूम."

बघा, किती आत्मविश्वासानं सांगितलं! वरणाबद्दलच्या चौकशीचा मी शोधनिबंध केला होता.

"ठीक है," मॅडम म्हणाल्या. "रविवार सुबह मैं आती हूँ. तब तक किसी को हाथ मत लगाने दीजिए."

मॅडम येणार! आमच्या घरी! मी फोन ठेवला आणि अंगणात एक उडी मारली. मग आजूबाजूला पाहिलं, कुणी पाहिलं तर नाही ना. आणि पाहिलं होतं. कंपाउंडच्या भिंतीवरून पांडे चाचींचं डोकं वर आलेलं होतं.

"का मिला रे मुकुंद?"

"कुछ नहीं चाची. पत्थर है."

"पत्थर देख के कोई नाचता है? दिखा तो." चाचींनी हात लांब करून मूर्ती घेतली, आणि त्यांचा चेहराच बदलला. "अरे दैया! ये तो बालक है! बाल रूप है! देख कैसा टुकुर-टुकुर ताक रहा है!"

"चाची, किसी को बताइएगा मत. मॅडमने कहा है."

"हम? हम काहे बताएँगे?"

गुरुवारी सकाळी अंगणात सात-आठ बायका. शुक्रवारी आमचा चौरंग चाचींनी माझ्याच हातानं बाहेर काढून घेतला. शनिवारपर्यंत मूर्तीला मुकुट, झेंडूचा हार, पुढे लाडू, आणि कुणीतरी आपल्या मुलाचं परीक्षेचं प्रवेशपत्र पायाशी ठेवून गेलेलं. पाय नव्हते, पण ठेवलं. मी हळूच म्हणत होतो, "हाथ मत लगाइए, पुरातत्त्व है." माझ्या आवाजात आणि झेंडूच्या हारात लोकांनी हाराकडे जास्त लक्ष दिलं. एक म्हातारे गृहस्थ मात्र माझ्या पाया पडले. मी पुजारी आहे असं त्यांना वाटलं.

रविवार उजाडला. मी उस्तादांचा इस्त्रीचा शर्ट मागून आणला होता. मॅडम आल्या, बरोबर दोन विद्यार्थी, पिशवीत ब्रश, पट्ट्या, भिंग. गर्दी पाहून त्या दारातच थांबल्या.

"यह सब क्या है?"

"जी, स्थानीय लोग," मी म्हणालो. मला दुसरा शब्द सुचला नाही. स्थानिक लोकांत पांडे चाची सगळ्यात पुढे होत्या.

मॅडमनी मुकुट काढला, हार काढला, मूर्ती हातात घेतली. वास घेतला. "इसमें से नींबू की खुशबू क्यों आ रही है?"

"धोया था, मॅडम."

"किससे?"

"बर्तन वाले साबुन से."

मॅडमनी डोळे मिटले. एक विद्यार्थी खोकला. "और खोदा किसने?"

"मैंने ही."

"मैंने क्या कहा था? देखिए कहा था. खोदिए कहा था?"

माझी मान खाली. टेकड्या दूर दूर जायला लागल्या होत्या, हरणं पळत होती. पण मॅडम भिंग लावून पाहत राहिल्या, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. "अजीब है. पत्थर घिसा हुआ है, बरसों हाथ में चला है. पर ये आँखें... ये छेद बिलकुल गोल हैं. ड्रिल के हैं."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? जन्मभर गप्प बसलेला माणूस मी! पण नाही. त्याच क्षणी मला वाचा फुटली.

"मॅडम, हड़प्पा वाले भी ड्रिल करते थे! मोतियों में!"

"हाँ, करते थे," मॅडम म्हणाल्या, "पर उनके पास तीन एमएम का बिट नहीं था."

"हो सकता है उनसे भी आगे की संस्कृति हो!"

अहो, मी असं म्हणालो! दहा-पंधरा माणसांसमोर, मोठ्यानं! चाची म्हणाल्या, "जय हो!"

आणि बरोबर त्याच वेळी फाटकाशी ऑटो थांबला. नागपूरच्या गाडीनं आई, बाबा आणि त्यांच्याबरोबर माझी आत्या. बॅगा, लाडवांचा डबा, आणि डोळ्यांत रात्रभरचं जागरण. आईनं गर्दी पाहिली, आणि तिच्या हातातली पिशवीच पडली. तिला वाटलं मला काही झालं.

"मुकुंदा!" ती ओरडत आत आली. मी तिला दिसलो, धडधाकट. तिनं श्वास सोडला. मग तिला खड्डा दिसला. कढीपत्ता कलंडलेला दिसला. मग मॅडमच्या हातातली मूर्ती दिसली.

"अगं बाई! ह्याला कुणी काढलं बाहेर?"

ह्याला! मी चमकलो. आईला माहीत होतं? आमच्या घराखाली संस्कृती आहे हे आईला माहीत होतं, आणि तिनं मला वरण संपवायला सांगितलं?

तेवढ्यात आत्या पुढे सरसावली. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, मॅडमच्या हाताजवळ तोंड नेलं, आणि एकदम म्हणाली, "अवो वहिनी! हा तर आपला मुकुंद!"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"आत्या, मी इकडे आहे," मी म्हणालो.

"तू नाही रे पोट्ट्या! हा! हा मुकुंद!"

आणि अंगणात ती अशी हसत सुटली, की तिला लाडवांच्या डब्यावर बसावं लागलं. बाबा मागून डोकावले. "अरे, सापडला का हा! डोळे बघ, अजून कसे आहेत. कारखान्यातून ड्रिल आणलं होतं एक दिवस. तीन एमएम."

मॅडमनी विद्यार्थ्यांकडे पाहिलं. विद्यार्थ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खड्ड्याकडे पाहिलं. त्यात अजून जागा होती.

मग आईनं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि उरलेलं हातवारे करून. तुम्हाला तर ठाऊकच आहे, आपल्याकडे बारशाला आधी वरवंट्याला, म्हणजे मॅडमच्या त्या लोढ्याला, बाळासारखं सजवतात. टोपडं घालतात, कुंकू लावतात, पाळण्याच्या वरून आणि खालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करत या बाईकडून त्या बाईकडे देतात. मग खरं बाळ पाळण्यात जातं, आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. आता भोपाळमध्ये आमची नातेवाईक मंडळी ती किती! निम्म्या बायका कारखान्याच्या वसाहतीतल्या, कुणी बिहारच्या, कुणी केरळच्या. त्यांना वरवंट्यात बाळ दिसेना. म्हणून बाबांनी उत्साहानं त्याला डोळे पाडून दिले, नाक कोरलं, आणि टोपड्याची नाडी घसरू नये म्हणून गळ्याला खाच केली.

"इतना अच्छा बना दिया," आई म्हणाली, "कि क्या बताऊँ!"

आणि आत्याचा चष्मा नेमका येताना गाडीत फुटलेला. मांडीवर कुंचीतलं एक गाठोडं आलं, तिनं दोन डोळे पाहिले, आणि त्याच्या कानाशी लागून 'कुर्रर्र, मुकुंद' म्हणून मोकळी झाली! बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, पेढे वाटले गेले, आणि मग आतल्या खोलीतून मी रडलो.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," आत्या डोळे पुसत म्हणाली, "उरलं ते नाव तुले दिलं!"

तिनंच सगळ्यांना शपथ घातली होती, पोराला सांगू नका म्हणून. पण खरी पंचाईत आईची झाली. ज्याला नाव ठेवलं, त्याच्यानं मिरची कशी वाटायची? आईला वाटेना. ती कितीतरी दिवस शेजारून वाटण वाटून आणायची, मग मिक्सर आला. पुढे पाटा फुटला, तेव्हा त्याचा एक तुकडा बसायला दिला, जुन्या टोपड्यात गुंडाळलं, सुपारी ठेवली, आणि बाबा कामावर गेलेले असताना आईनं त्याला कढीपत्त्याखाली ठेवून दिलं. टाकायला जीव होईना म्हणून, माझ्या आजीच्या सासूपासून चालत आलेला वरवंटा तो.

एकदम मला आठवलं. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला आई कढीपत्त्याच्या बुडाशी कुंकू वाहते आणि चमचाभर शिरा ठेवते. मला वाटायचं झाडासाठी असेल. झाड खूप पानं देतं म्हणून!

आणि ते सप्तर्षी? तो मृग? पाट्याला टाकी घातलेली असते हो, छिन्नीनं बारीक खड्डे पाडलेले असतात, वाटण नीट व्हावं म्हणून! आमच्या घराण्याची चटणी आकाशगंगेवर वाटली जात होती!

मी विचार केला, आता मॅडम उठतील, ब्रश पिशवीत टाकतील आणि जातील. त्या उठल्या. पण गेल्या नाहीत. त्यांचे डोळे चमकत होते.

"माताजी," त्या आईला म्हणाल्या, "वो ऊपर-नीचे देते कैसे हैं? एक बार दिखाएँगी?"

अहो, मग काय! पाळणा नव्हता, तर खाट आणली. आई या बाजूला, आत्या त्या बाजूला, आणि वरवंटा खाटेच्या वरून, खालून. मॅडम खाली बसून सगळं मोबाईलवर घेत होत्या. पांडे चाची आनंदानं रडत होत्या. "हम तो पहले दिन से कह रहे थे, बालक है!" आणि खरं सांगू? त्या सगळ्यात एकट्या चाचींचंच बरोबर होतं. शेवटी बायकांनी आत्याच्या पाठीत परत धपाटे घातले. पहिले वरवंट्याच्या वाटचे होते, हे माझ्या वाटचे; पोचायला माझ्या वयाइतका उशीर झाला होता, म्हणून जरा जोरात घातले.

सगळं शांत झाल्यावर मॅडम माझ्यासमोर आल्या. वरवंटा माझ्या हातात दिला.

"तो मुकुंद जी, अब बताइए. यह चीज़ कितनी पुरानी है?"

सगळे बघत होते. माझा हात सवयीनं डोक्याकडे निघाला. पण हातात वरवंटा होता, तो डोक्यात बसला असता. म्हणून बोलावंच लागलं.

"मॅडम, पत्थर तो पहाड़ जितना पुराना है. वरवंटा मेरी दादी की सास का है, तो उतना पुराना. आँखें बाबा ने बनाईं, वो मेरे जितनी. मिट्टी में गया बाद में, मिक्सर के भी बाद." मी श्वास घेतला. "और बेवकूफ़ी... बेवकूफ़ी बुधवार की है."

मॅडम हसल्या. खांबामागे ऐकू जाईल अशा हसल्या.

"एक चीज़, और हर परत की अलग उम्र! इतने रविवार से मैं यही तो पूछ रही थी," त्या म्हणाल्या. "खंबे के पीछे क्यों बैठते हैं आप? चलेंगे टेकड़ी पर?"

मी मान डोलावली. किती डोलावली! आत्या म्हणाली, "पुरे, मान तुटंल."

"पर एक शर्त है," मॅडम फाटकातून वळून म्हणाल्या. "खोदेंगे कुछ नहीं. धोएँगे भी कुछ नहीं. और पहले घर में पूछेंगे."

"जी, गुफा में किससे पूछूँगा?"

"माताजी को फ़ोन कर लेना!"

तर मी जाणार आहे! पुढच्याच महिन्यात! पट्टी धरायचं काम आहे, फोटोत आकार कळावा म्हणून वस्तूशेजारी पट्टी धरून उभं राहायचं. पण त्या हातांच्या ठशांसमोर उभं राहायचं! मला तर आत्तापासून झोप नाही. पाईप अजून तुंबलेलाच आहे, ते वेगळं.

किस्सा इथे संपला असता तर बरं झालं असतं. पण मॅडमनी आईकडून वरवंटा थोड्या दिवसांसाठी मागून नेला. संग्रहालयात घरगुती वस्तूंचं प्रदर्शन आहे, त्यात मांडायला. आईनं त्याला नवं टोपडं शिवून दिलं. आणि प्रदर्शनाच्या फ्रेमा कुणाकडे आल्या असतील? बरोबर. आमच्याकडे!

मी काच कापत होतो. उस्तादांनी गठ्ठ्यातला एक कागद उचलला, डोळ्यांपासून लांब धरला आणि मोठ्यानं वाचला.

"मुकुंद. पत्थर. आनंद नगर, भोपाल."

त्यांनी कागदावरून माझ्याकडे पाहिलं. परत कागदाकडे पाहिलं.

"सई लिखा है खां," उस्ताद म्हणाले. "फ्रेम कर दे."